संन्याशाला नळी फुटली

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणूस पाणी मागतो आणि पितो. शिंपडे मिस्त्री पाणी मागायचे आणि जमिनीवर ओतायचे. मग ढोपरांवर बसून तळहाताने ते पाणी चारी बाजूंना पसरवायचे, मान तिरकी करायचे आणि पुटपुटायचे, "हं. आतून बरा आहे." घरच्यांना वाटायचं, आपल्यात आजारी कोण होतं?

शिंपडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ते गल्लीने दिलेलं नाव. मिस्त्रींनी आयुष्यभर दगडी फरश्या घासून गुळगुळीत केल्या. हातात पहिला दगड देताना उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं की कोरडी फरशी खोटं बोलते, ओली केली की पोटातलं सगळं ओकते. उस्ताद गेले, मिस्त्रींच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण सवय गेली नाही. दवाखान्यात नंबर येईपर्यंत खिशातल्या बाटलीतले चार थेंब फरशीवर पडायचेच. एका लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेव सासऱ्यांच्या अंगावर जाऊन आदळला, तेही याच कारणाने.

मिस्त्रींची खरी दौलत मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात होती. मोठमोठ्या इमारतींत काळा दगड बसवताना जे तुकडे उरत, ते मिस्त्री सायकलला बांधून घरी आणत. वर्षं गेली आणि तुकड्याला तुकडा लागून स्वयंपाकघराची जमीन तयार झाली. कुठला तुकडा खाणवाल्याने उभा कापलेला, कुठला आडवा, कुठला करवत घसरून तिरका गेलेला. आणि त्या काळ्या दगडात पांढरी चित्रं होती. पाणी टाकलं की ती अशी उजळायची, जणू काळ्या तळ्यात कुणी चांदण्या धुवायला काढल्यात. काही लांब आणि टोकाला निमुळती, काही वाटोळी, काही अंड्यासारखी.

ही चित्रं कसली, हे विचारायला मिस्त्री एकदा संग्रहालयात गेले होते. तिथल्या जुन्या जीवांच्या दालनाचं काम पाहणाऱ्या बाई भल्या होत्या. चष्मा केसांत खोचायच्या आणि मग तोच शोधत बसायच्या.

"मिस्त्री, हे शीर्षपाद," बाई म्हणाल्या. "डोक्यालाच पाय फुटलेले प्राणी. आजचं माकूळ, ऑक्टोपस यांचे फार लांबचे नातेवाईक. हे सरळ शंखात राहायचे. शंखात कप्पे, आणि सगळ्या कप्प्यांतून गेलेली एक नळी. प्राणी स्वतः सगळ्यांत पुढच्या मोठ्या कप्प्यात राहायचा. वाढला की पुढे नवा कप्पा बांधायचा आणि मागचा रिकामा सोडायचा. त्या रिकाम्या कप्प्यांच्या जोरावर समुद्रात तरंगायचा."

"मागच्या खोल्या भाड्याने देत नसत?"

"नाही हो."

"मग संपणारच की," मिस्त्री हळहळले.

जाता जाता बाई सहज बोलून गेल्या, "त्या समुद्रांत यांची इतकी कुळं होती की वेगळी करता करता माणसाचा जन्म जातो." बाईंचं वाक्य संपलं आणि मिस्त्रींचा जन्म तिथे अडकला.

घरी आल्यावर त्यांनी कुळं पाडायला घेतली. लांब आणि मधोमध नळी दिसणारे ते लांबटे. वाटोळे आणि मध्ये ठिपका असलेले ते गोलटे. अंड्यासारखे ते तिरपटे. जाडजूड, आत काहीच नसलेले ते पोटफुगे. शेगडीजवळचे आखूड, ते अर्धोंडे. लांबट्यांचं आणि गोलट्यांचं जमत नसावं, कारण ते एका तुकड्यात कधी सापडत नाहीत, हेही मिस्त्रींनी ताडलं. आणि सगळ्यांत वर, खिडकीखालच्या तुकड्यात, एकटाच पहुडलेला एक लांबसडक जीव. कप्पे सगळे जागच्या जागी, पण नळी नाही. मिस्त्रींनी त्याला संन्यासी म्हटलं.

"खोल्या आहेत, पण एका खोलीचा दुसरीशी संबंध नाही," ते आल्यागेल्याला सांगत. "याला म्हणतात वैराग्य."

या सगळ्याची किंमत त्यांची बायको मोजत होती. ती कपडे शिवायची, आणि उजेडासाठी तिचं पायमशीन त्याच खिडकीखाली होतं. मिस्त्री प्रत्येक जीव नीट दिसावा म्हणून कुठे जास्त घासत, कुठे कमी. त्यामुळे जमिनीला लाटा आल्या होत्या. चहा सांडला की तो कुणाला न विचारता पोटफुग्यांकडे जायचा. बायको पायमशीन मारायला बसली की सुई खालीवर आणि मशीन दाराकडे. एका झग्याची बाही शिवता शिवता ती एकदा ओट्यापासून न्हाणीपर्यंत जाऊन आली होती.

"अहो, लोक शिवणकाम बसून करतात," ती म्हणायची. "मी प्रवासात करते."

आणि या तक्रारीला कान देणारा माणूस घरातच निघाला होता. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मिस्त्रींचा साडू. त्याचं चौकात चकचकीत लाद्यांचं दुकान. दगडी फरशी पाहिली की त्याचा चेहरा कारलं चावल्यासारखा व्हायचा.

"साडूभाऊ, तुमच्याकडे जेवायला बसलं की ताटाखाली मढं असतं," तो म्हणायचा. "माझ्याकडून लादी घ्या. पांढरीशुभ्र. एका रेषेत. मेहुणीला भेट म्हणून देतो, वर बसवूनही देतो."

एके दिवशी तो फीत घेऊन आलाच आणि स्वयंपाकघर मोजू लागला. मिस्त्री लांबट्यांवर आडवे झाले. शेवटी बायकोने तोड काढली.

"संग्रहालयाच्या बाईंना बोलवा," ती म्हणाली. "यांची कुळं खरी आहेत का, त्या सांगतील. सहा राहू देत, दोन निघाली तरी मी फरशीला हात लावणार नाही. पण सगळं एकच निघालं, तर भाऊजींची लादी. कबूल?"

"कबूल," साडू म्हणाला, कारण त्याच्या लेखी सगळे दगड एकच.

"कबूल," मिस्त्री म्हणाले आणि त्याच पावली बाईंकडे गेले. संन्याशाचं ऐकून बाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला. हे मिस्त्रींनी प्रथमच पाहिलं.

"नळी नसलेला? असा कुणी माहीत नाही अजून. खरंच तसं असेल तर तो नवाच म्हणायला हवा. रविवारी येते."

मिस्त्री परतताना रस्त्याने नव्हे, रस्त्याच्या वरून चालत होते.

शनिवारी दुपारी बायको शिवलेले कपडे पोहोचवायला गेली. मिस्त्रींनी बादली घेतली, बारीक दगड घेतला. उद्या पाहुणी येणार, आपल्या माणसाचं तोंड धुवायला नको? एक शेवटचा हात मारू, म्हणून ते संन्याशाशेजारी बसले. दगड पाण्यावर फिरू लागला. पांढरा राडा कडेला सरकू लागला. मिस्त्रींना हा आवाज अंगाईसारखा होता. आयुष्यात त्यांचा दगड कधी वेळेवर थांबला नव्हता, तो त्या दिवशीही थांबला नाही.

राडा पुसला तेव्हा संन्याशाच्या पोटात एक पांढरा दोरा दिसत होता.

मिस्त्रींनी फडकं मारलं, दोरा तिथेच. नखाने खरवडला, तिथेच. दोरा निघून जाईल म्हणून आणखी चार हात मारले, तर दोरा रुंद झाला आणि या कप्प्यातून त्या कप्प्यात, तिथून पुढच्यात, सरळ शेपटापर्यंत पोहोचला. घासावं तर वाढतंय आणि थांबावं तर दिसतंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिस्त्री उठले आणि पिठाचा डबा आणून संन्याशाच्या पोटावर ठेवला.

बायको परतली, ती दारातच थबकली.

"डबा इथे कोणी ठेवला?"

"मी. शोभतो तिथे."

"लग्न झाल्यापासून तुम्ही डबा हलवलेला मी पाहिला नाही, आणि आज शोभेसाठी हलवलात?" तिने डबा उचलला. खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या संन्याशाला नळी फुटली."

मिस्त्री बादलीच्या काठावर बसले, आणि बादली कलली.

बायको मात्र हसली नाही. ती वाकून संन्यासी बघत होती, मग लांबटे, मग पुन्हा संन्यासी. कप्प्याकप्प्यांमधल्या बाकदार रेघांवरून तिने बोट फिरवलं, गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या कपड्याच्या टाक्यांवरून फिरवावं तसं.

"ही शिवण सगळ्यांची सारखीच आहे," ती म्हणाली. "हेच अंतर, हाच बाक. एकाच शिंप्याचा हात आहे."

"कुळं वेगळी, शिंपी एक, असं नसेल?" मिस्त्रींनी आशेने विचारलं.

तिने टोपलीतून एक गाजर काढलं, पाटावर ठेवलं आणि विळी न घेता सुरी घेतली.

"कापड उभं कापलं तर एक दिसतं, आडवं कापलं तर दुसरं. उरेब कापलं, म्हणजे तिरकं, तर अंगावर पडतं ते निराळंच. पण कापड तेच." तिने गाजर आडवं कापलं. चकती पडली, मध्ये पिवळट गाभ्याचा ठिपका. "हे तुमचे गोलटे."

मिस्त्रींनी चकती उचलून उजेडाकडे धरली.

तिने तिरकं कापलं. "हे तिरपटे." शेंड्याकडचा तुकडा मधोमध उभा चिरला, तर गाभ्याची रेघ वरपासून खालपर्यंत. "हे लांबटे." दुसरं गाजर घेतलं, त्याची एका कडेने उभी पातळ चीर काढली. निमुळती, लांबसडक, आणि गाभा कुठेच नाही. ती चीर तिने नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "आणि हा संन्यासी. वैराग्य कसलं, करवत कडेने गेली होती. तुम्ही घासत घासत गाभ्याला पोहोचलात."

"पोटफुगे?" मिस्त्रींनी चीर मुठीत धरून विचारलं.

"बाई म्हणाल्या असं तुम्हीच सांगितलंत ना, पुढच्या मोठ्या खोलीत तो स्वतः राहायचा? ती खोली आडवी कापली गेली असेल. आणि अर्धोंडे म्हणजे ज्याची दोन्ही टोकं खाणवाल्याने नेली तो."

इतक्या वर्षांचं गोत दोन गाजरांत संपलं. मिस्त्रींनी दुःखाने एक गोलटा उचलला आणि खाल्ला. मग एक तिरपटा खाल्ला. डबा परत ठेवावा आणि बाईंना सांगावं की तो जड आहे, हलत नाही, असा एक विचार मनात येऊन गेला. बायकोने तो चेहऱ्यावर वाचला.

"बाईंना तुम्ही सांगताय की मी?"

"मीच सांगतो," मिस्त्री म्हणाले. "पण गाजर तू काप. माझा हात थांबत नाही."

रविवारी बाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग काखेत लादीचा नमुना घेऊन साडू आला. मिस्त्रींनी पाणी शिंपडलं. पांढरी चित्रं उजळली. बाई "अरे वा" म्हणणार तोच मिस्त्रींनी हात वर केला.

"बाई, आधी ऐका. वीस माणसांना मी इथे सहा कुळं दाखवली. ती एकच आहे. मला जेवढी कुळं दिसली तेवढी करवतीची होती." मग त्यांनी बायकोला खूण केली आणि गाजराचा प्रयोग झाला.

साडू इतका हसला की त्याला लादी खाली ठेवावी लागली. बाई हसल्या नाहीत. खाली बसून त्यांनी एकेक तुकडा पाहिला, बोटाने कप्पे मोजले आणि चष्मा पुन्हा केसांत गेला.

"वहिनींचं बरोबर आहे. एकच जात. आणि खरं सांगायचं तर अगदी नेहमीची, आमच्याकडे याचे खण भरलेत." त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. "पण यात लाजायचं काही नाही. या प्राण्यांच्या गुंडाळलेल्या चुलतभावांचे जबडे शंखाबाहेर सुटे सापडायचे. मोठमोठ्या अभ्यासकांनी त्यांना शिंपले समजून निराळी नावं देऊन ठेवली होती. एकाच प्राण्याचं तोंड एका नावाने, शंख दुसऱ्या."

"म्हणजे शिकून-सवरूनही फसता येतं," मिस्त्री म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलं.

"ते सगळं ठीक," साडू म्हणाला. "एकच निघालं ना? मग उद्या माणसं पाठवतो. चला आत्ताच दुकानात, मेहुणीला हवी ती लादी निवडू दे. बाई, तुम्हीही या, तुमच्या संग्रहालयाच्या संडासालाही काहीतरी करायला हवंय."

शब्द म्हणजे शब्द. मिस्त्रींनी वळून एकदा फरशीकडे पाहिलं, आणि चौघं चौकात गेली. साडू पुढे, जणू वरातीत घोडा.

दुकानाची पायरी काळ्या दगडाची होती. ती मिस्त्रींनीच बसवून दिलेली, त्याच खाणीच्या त्याच दगडाची. त्या वेळी त्या तुकड्यात एकही लांबटा नव्हता, मध्ये नुसता एक वाटोळा मळकट डाग होता. डागाळलेला तुकडा आपल्या घरात कशाला, साडूला चालेल, असं म्हणून मिस्त्रींनी तो साडूच्या उंबऱ्याला मारला होता, आणि उरलेला दिवस खुशीत घालवला होता.

साडू पायरी ओलांडून आत गेला. बाई गेल्या. मिस्त्रींची बायको पाय पुसायला थांबली, आणि खाली बघतच राहिली.

"अहो," तिने हाक मारली, "तुमची बाटली द्या."

मिस्त्रींनी खिशातून बाटली काढली. तिने पायरीवर पाणी ओतलं, तळहाताने पसरवलं, मान तिरकी केली. मिस्त्रींना आरशात पाहिल्यासारखं झालं. इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्या दगडावर पाय घासले होते. जे काम मिस्त्रींनी केलं नव्हतं ते चौकातल्या चपलांनी केलं होतं, आणि त्यांना बरोबर वेळेवर थांबताही आलं होतं. डागाचं वरचं साल झिजून गेलं होतं. खाली स्वतःभोवती वेटोळं घातलेला एक शंख होता, आणि त्याच्या अंगभर रेघा, साध्या बाकदार नव्हेत, तर वरखाली, वरखाली, करवतीच्या दात्यांसारख्या नागमोडी.

"ही आमच्या घरातली शिवण नाही," बायको म्हणाली.

बाई बाहेर आल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. चष्मा डोळ्यांवर आला.

"नाहीच. हे अगदी दुसरं घराणं. पुढे ज्यांना अमोनाइट म्हणतात त्या वेटोळ्या शंखवाल्यांच्या पूर्वजांकडचं. आम्ही यांना या शिवणीवरूनच ओळखतो, वहिनी. सुरुवातीला साधी नागमोडी, आणि कोट्यवधी वर्षांनी इतकी चुण्याचुण्यांची की लेस वाटावी."

"म्हणजे तुमचं शास्त्र शिवणकामच आहे की," बायको म्हणाली. आणि मग, तिथे पाण्यात बसूनच, ती हळूहळू आपल्या भाऊजींकडे वळली. "भाऊजी, आपलं काय ठरलं होतं? दोन कुळं निघाली तर फरशी राहील. निघाली दोन."

"ती तुझ्या स्वयंपाकघरात निघायला हवी होती," साडू म्हणाला.

"असं कुणी म्हणालं होतं? खाण एक, दगड एक, बसवणारा एक. आधी तुम्हीच म्हणायचात, सगळे दगड एकच. लादी राहू द्या. माझ्या मशीनखाली तेवढी जागा सपाट करून दिली की झालं. काय हो?"

"उद्याच करतो," मिस्त्री म्हणाले. त्यांना रडू येत होतं, म्हणून त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायलं. बाटलीतलं पाणी पिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"मला एक विचारायचंय," बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात माझे विद्यार्थी आणले तर चालेल? एकच प्राणी इतक्या बाजूंनी कापलेला मी एका खोलीत कधी पाहिला नाही. माणूस कसा फसतो हे शिकवायला याहून चांगली जागा नाही. आणि ही पायरी मात्र आमच्या दालनात हवी."

"पायरी?" साडू दचकला. वाद घालता घालता तो बाहेर येऊन त्या शंखावरच एक पाय ठेवून उभा राहिला होता. त्याने पाय उचलला, आणि तो कुठे ठेवावा ते न कळून एका पायावर उभा राहिला. "पायरी देणार नाही. ती आमची आहे. पहिल्यापासून मला तिच्यात काहीतरी दिसायचं."

तेव्हापासून त्या दुकानात शिरायचं असेल तर उडी मारावी लागते. साडूने पायरीभोवती दोरी बांधली आहे, आणि वर पाटी लावली आहे: 'पूर्वज. पाय देऊ नये.' म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तो स्वतः हात देऊन पलीकडे घेतो, आणि लादी विकायच्या आधी शिवणीबद्दल सांगतो. लाद्यांचा खप उतरला आहे, पण त्याची मान उतरत नाही.

मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात मुलं येतात. पाणी मिस्त्री शिंपडतात, गाजर बायको कापते. आता फरशीवर एकच कुळ राहतं, लांबटे. बाकी सगळी त्यांची घरगुती टोपणनावं. संन्याशालाही आपल्या माणसांत परत घेतलं आहे.

परवा साडूने मिस्त्रींना दुकानावर बोलावून घेतलं. दोरी सोडली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "साडूभाऊ, कडेला जरा धूसर आहे. एक हात माराल का? एकच."

मिस्त्रींनी पाणी टाकलं. दोघं ढोपरांवर बसले, मिशीला मिशी लावून. कडेचा तो धूसर भाग ओला झाला आणि आत काहीतरी, निमुळतं की वाटोळं, हलल्यासारखं वाटलं. मिस्त्रींचा हात आपोआप पिशवीतल्या बारीक दगडाकडे गेला.

"हात मागे," वरून आवाज आला.

मिस्त्रींची बायको दोरीपलीकडे उभी होती. गळ्यात फीत, हातात कात्री. बहिणीकडे मापं घ्यायला आली होती, असं ती म्हणाली.

दोघांनी हात मागे घेतले आणि पाणी सुकेपर्यंत तसेच बघत बसले.